विचारा सुभेदारांना : एसएलआरवर एवढा जीव का?

गेल्या महिन्यात एका प्रश्नाला उत्तर देताना ओघात मी एक वाक्य लिहून गेलो : "एके-४७ जगात भारी असेल, पण मला विचाराल तर माझी रायफल एसएलआर." पेन्शनवर मी सहा महिने लिहिलं तेव्हा जेवढी पत्रं आली नाहीत, तेवढी या एका वाक्यावर आली. काहींनी पाठ थोपटली, बऱ्याच जणांनी कान धरला. म्हणून हा महिना सगळा रायफलीचा.

आधीच सांगून ठेवतो, हे एका पायदळी माणसाचं मत आहे. १९७९ साली बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमध्ये रंगरूट म्हणून उभा राहिलो आणि २००७ साली सुभेदार होऊन गावी आलो. त्यातली बरीच वर्षं खांद्याला एसएलआर होती, मध्ये काश्मीर खोऱ्यात एके आली, शेवटी शेवटी इन्सास, ही आपल्याकडंच बनलेली रायफल. मोबाईलवर रायफली बघून तज्ज्ञ झालेल्यांचं आणि माझं जमलं नाही, तर राग मानू नये.

प्रश्न : एके-४७ चिखलात, वाळूत, पाण्यात कुठंही चालते. सगळं जग तीच वापरतं. मग एसएलआर भारी कशी? आपल्या काळातलं तेवढं चांगलं, असं तर नाही ना?
(कॉलेज विद्यार्थी, बारामती)

शेवटचं वाक्य टोचलं. पण पोरा, ते अगदीच खोटं नाही. अठराव्या वर्षी हातात आलेली रायफल माणूस विसरत नाही. तरी माझ्याकडं कारणं आहेत, ती ऐक.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते, काडतुसाचा रिकामा खोका बाहेर उडतो, पुढचा राउंड आपोआप चेंबरमध्ये जातो. दुसऱ्या गोळीसाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा. आमच्या रायफलीत सलग फैर झाडायची सोयच नव्हती. लोक ही उणीव धरतात, मला तो गुण वाटतो. मॅगझीनमध्ये वीस राउंड, आणि प्रत्येकाचा हिशेब तुझ्या बोटावर. चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, संपली की खोकेसुद्धा मोजून जमा करायचे. एक कमी पडला तर गवतात गुडघ्यावर बसून अख्खी प्लाटून शोधायची.

आमच्या फौजी हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. पहिल्या दिवशी उस्ताद ओरडले, "शिस्त लो!" आणि साताऱ्या-सांगलीकडची आम्ही पोरं लेटल्या लेटल्या पाय जुळवून ताठ झालो. उस्तादांना हसू आवरेना. मग त्यांनी पाच पैशाचं ते चौकोनी ॲल्युमिनियमचं नाणं काढलं आणि रिकाम्या रायफलीच्या नळीवर, फोरसाइटच्या म्हणजे नळीच्या टोकावरच्या माशीच्या मागं ठेवलं. म्हणाले, आता शिस्त घे आणि ट्रिगर दाब, नाणं पडता कामा नये. माझं नाणं पहिल्या सकाळी किती वेळा बेळगावच्या लाल मातीत पडलं याची मोजदाद नाही. श्वास अर्धा सोडून धरायचा, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर, आणि रायफल सुटली हे आपल्यालाही नंतर कळलं पाहिजे, असा दाब द्यायचा. तिसऱ्या आठवड्यात नाणं थांबलं. एसएलआर मला आवडते ती तिथून.

तीनशे मीटरवर फिगर इलेव्हन म्हणजे माणसाच्या आकाराचं टार्गेट फोरसाइटच्या टोकाएवढं दिसतं. एसएलआरची गोळी सुमारे साडेनऊ ग्रॅमची, नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला आठशे मीटरच्या वर. एकेची गोळी आठ ग्रॅमच्या आसपास, वेग सातशेच्या थोडा वर. कागदावर हा फरक फार वाटत नाही, पण तीनशे मीटरवर तो टार्गेटवर दिसतो. एसएलआरची गोळी अजून सरळ चाललेली असते, एकेची खाली यायला लागलेली असते. आमच्या रायफलीच्या मागच्या साइटवर २०० पासून ६०० पर्यंत आकडे होते आणि ते दिखाव्याचे नव्हते. उघड्या डोंगरधारेवर, समोरच्या धारेवर कुणी हललं, तर मला आजही हातात एसएलआर हवी.

आता एकेची बाजू. सांगितली नाही तर अन्याय होईल.

खोऱ्यात राष्ट्रीय रायफल्समध्ये गेलो तेव्हा काही दिवस आमच्यातल्या काहींकडं एसएलआर आणि काहींकडं एके होत्या. नव्वदीच्या दशकात सरकारनं पूर्व युरोपातून एकेच्या धर्तीच्या रायफली घेतल्या होत्या. एका गावात आम्ही घर तपासत होतो. लाकडी जिना, एवढा अरुंद की खांदा दोन्हीकडं घासतो. माझी एसएलआर एक हजार एकशे त्रेचाळीस मिलिमीटर लांब, म्हणजे पावणेचार फूट. वळणावर नळी आधी भिंतीला लागली, 'ठक्' असा आवाज झाला. वर कुणी असता तर त्याला कळलं असतं कोण येतंय ते. वर एक म्हातारी आणि दोन शेळ्या निघाल्या. खाली आलो तेव्हा पाठीवरून पाणी वाहत होतं, थंडीच्या दिवसांत. त्याच आठवड्यात मी एके मागून घेतली. पुढं मक्याच्या शेतात, जिथं वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, तिथंही तीच बरी वाटली.

कलाश्निकोव हा गृहस्थ रणगाड्यावर होता. १९४१ साली ब्रियान्स्कजवळ जखमी झाला आणि इस्पितळात पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात बंदूक शिरली म्हणतात. त्यानं जवान ओळखला होता, हे त्याच्या सेफ्टीच्या पट्टीवरून कळतं. पट्टी वर असते तेव्हा रायफल बंद. एक घर खाली सरकवली की सलग फैर, आणि आणखी खाली, तळाला नेली की एकेक गोळी. उलटं का? घाबरलेला माणूस पट्टी जोरात तळापर्यंत ढकलतो. तिथं त्याच्या हाती एकेक गोळी लागते, सगळी मॅगझीन एका झटक्यात रिकामी होत नाही. पण ही पट्टी खाली करताना 'खटाक' वाजते. रात्री घात लावून बसलेल्या माणसाला तो आवाज तोफेसारखा वाटतो. आम्ही दोन बोटांत पट्टी चिमटीत धरून श्वास रोखून खाली सोडायला शिकलो.

तेव्हा माझं मत असं : घरात, झाडीत, गल्लीत एके, धारेवर, नदीकाठाला, वाळवंटात एसएलआर. आणि एकच ठेवायची असं कुणी म्हटलंच, तर मी कुठं उभा आहे ते आधी सांगा.

प्रश्न : राम राम साहेब. मीही माजी सैनिक. तुम्ही एसएलआरचं कौतुक केलंत, पण आमच्या कंपनीत ती सारखी अडकायची. धूळ गेली की संपलं. तुम्ही हे का लिहिलं नाही?
(माजी हवालदार, कागल)

राम राम. तुमचं म्हणणं मान्य. एसएलआरला धूळ सोसत नाही. एकेच्या आतले पार्ट्स सैल बसवलेले असतात, मध्ये कचरा गेला तरी ती खडखडत चालते. एसएलआर अंगावर मापात शिवलेल्या कपड्यासारखी घट्ट. राजस्थानात सरावाला गेलो की आम्ही तेल कमी आणि पुसणं जास्त ठेवायचो, कारण तेल दिसलं की वाळू तिथंच बसते.

पण सारखी अडकायची म्हणता, तेव्हा एक विचारतो : गॅस बघितला होतात का? ज्यांनी ही रायफल वापरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोळी नळीतून जाताना मागचा थोडा गॅस वरच्या नळकांड्यात जातो, पिस्टन मागं ढकलतो, आणि त्या जोरावर खोका बाहेर पडून नवा राउंड येतो. किती गॅस पिस्टनला द्यायचा आणि किती बाहेर सोडायचा, हे नळीवरच्या एका आकडे असलेल्या कड्यानं ठरतं. कडं फार उघडं ठेवलं तर गॅस बाहेर जातो आणि रायफल अर्ध्यात अडकते. फार बंद केलं तर चालते, पण खांद्याला गाढवाची लाथ बसते.

माझी फजिती सांगतो. १९८३ असेल, वार्षिक चांदमारी. आदल्या रात्री मी रायफल एवढी घासली, पुलथ्रूनं, म्हणजे नळी पुसायच्या दोरीनं, एवढ्या चिंद्या ओढल्या की तोंड दिसेल. गॅसचं कडं साफ करायला फिरवलं आणि जागेवर आणायचं विसरलो. सकाळी दहा राउंड मिळाले. पहिली गोळी गेली, खोका अर्धा बाहेर, अर्धा आत. हातानं कॉक केलं. दुसरी, तीच गत. दहापैकी सात वेळा अडकली. शेजारचा लेटलेला सांगलीचा जवान आपले दहा संपवून माझ्याकडं कौतुकानं बघत होता. उस्तादांनी काही विचारलं नाही. कड्याकडं एक नजर टाकली, मग दूर एका आंब्याच्या झाडाकडं बोट केलं. रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून त्या झाडाला वळसा घालून यायचं. पाच वेळा. साडेचार किलो पहिल्या फेरीला काहीच वाटत नाहीत. चौथ्या फेरीला कोपरं वाकायला लागतात आणि उस्तादांचा आवाज मागून येतो.

तेव्हापासून रायफल जोडली की माझा अंगठा आधी त्या कड्यावर जायचा. तुमच्या कंपनीत काय झालं मला ठाऊक नाही, पण धुळीइतकाच दोष आमच्यासारख्यांच्या अंगठ्याचाही असतो.

प्रश्न : आमचे शेजारी आजोबा ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात होते, व्हिएतनामला गेले होते. ते त्यांच्या रायफलीलाही 'एसएलआर' म्हणतात. ती आणि आपली एकच का? आणि ही मुळात कुणाची?
(एक वाचक, मेलबर्न)

ताई, चुलत बहिणी म्हणा. आजी एकच, बेल्जियमची.

लिएजजवळ हर्स्टाल नावाचं गाव आहे, तिथल्या एफएन कारखान्यात ही जन्मली. मूळ नाव एफएएल. बनवणारा द्यूदोने सॅव्ह. हा माणूस मला आवडतो, कारण त्याच्या नावाचा गाजावाजा कलाश्निकोवसारखा कधी झाला नाही. ब्राउनिंगनं अर्धवट ठेवलेलं नऊ एमएमचं पिस्तूल यानंच पूर्ण केलं. आपल्याकडं अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं ते पिस्तूल त्याच वंशातलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतलं तेव्हा सॅव्ह इंग्लंडला निसटला, तिथं काम करत राहिला, आणि युद्ध संपल्यावर घरी परतून ही रायफल उभी केली. पहिला नमुना लहान काडतुसासाठी होता. पुढं नाटो देशांनी ७.६२ गुणिले ५१ मिलिमीटरचं मोठं काडतूस ठरवलं, तेव्हा रायफलही त्याला पेलेल अशी मोठी करावी लागली. तिचं वजन आणि लाथ दोन्ही तिथून आली. नव्वदच्या वर देशांनी ती वापरली. तिला 'स्वतंत्र जगाचा उजवा हात' म्हणायचे. आपण कुणाच्याच गटात नव्हतो, तरी तो हात आपल्याही खांद्यावर होता.

आजोबांची रायफल न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोच्या कारखान्यात बनली असणार. आमची बंगालमधल्या ईशापूरला. १९६२ साली चीनशी लढताना आपल्या जवानाच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती; प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा. त्या धक्क्यानंतर घाई झाली. पुण्याच्या एआरडीई या सरकारी शस्त्र-संशोधन संस्थेतल्या लोकांनी परदेशी रायफली उघडून, मोजून, आपले नकाशे काढले. म्हणून आपल्या एसएलआरचे, म्हणजे १ए१ चे, सगळे पार्ट्स ना बेल्जियमच्या रायफलीला सरळ बसत, ना इंग्लंडच्या. १९७१ च्या युद्धात पायदळाच्या हातात हीच होती. तेव्हा आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला आमच्या पहिल्या मराठा पलटणीनं, जंगी पलटणीनं, वेढा घातला तेव्हाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या आळीतला एकजण तिकडून परत आला, तो एसएलआर म्हणताना 'यसेलार' म्हणायचा. मला कितीतरी दिवस ते एखाद्या माणसाचं नाव वाटायचं.

आजोबांना एक विचारा. १९८२ च्या फॉकलंडच्या लढाईत इंग्लंड आणि अर्जेंटिना दोघांकडं हीच रायफल होती. इंग्लंडची एकेक गोळीवाली, आमच्यासारखी. अर्जेंटिनाची सलग फैर झाडणारी. एवढं मोठं काडतूस, एवढी हलकी रायफल, सलग झाडली की तिसऱ्या गोळीला नळी आभाळाकडं जाते. माझं मत तुम्हाला कळलंच असेल. आजोबांचं काय ते मला कळवा.

प्रश्न : आमच्या शेतात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. अशी रायफल लायसनवर मिळते का?
(शेतकरी, संगमेश्वर तालुका)

नाही. ७.६२ आणि थ्री-नॉट-थ्री ही दोन्ही काडतुसं सरकारच्या 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये येतात, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. आणि मिळाला असता तरी मी नको म्हटलं असतं. ही गोळी डुकराच्या आरपार जाऊन पुढच्या वाडीत पोचेल. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडं अर्ज करा, आणि पंचनामा त्याच दिवशी करून घ्या, दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

प्रश्न : २६/११ च्या रात्री आपल्या पोलिसांकडं जुन्या रायफली होत्या आणि समोर एके. त्यांच्याही हातात एके असत्या तर चित्र वेगळं दिसलं असतं का?
(बँक कर्मचारी, ठाणे)

जर-तरच्या गोष्टीला मी सहसा उत्तर देत नाही. हत्यार बरोबरीचं हवं होतं, याबद्दल वाद नाही. पण स्टेशनच्या गर्दीत एके चालवायची तर ती चालवणाऱ्याला महिन्याला पुरेसे राउंड मारायला मिळाले पाहिजेत. हातात नवी रायफल आणि वर्षाला बोटांवर मोजण्याएवढी चांदमारी, याचा उपयोग नाही. एसएलआर तर तिथं मी दिली नसती. तिची गोळी एका माणसात थांबत नाही, आणि फलाटावर मागं कोण उभं आहे ते दिसत नाही.

बाकी त्या रात्रीचं मला जे आठवतं ते रायफलीचं नाही. तुकाराम ओंबळे आमच्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. पोलिसात जाण्याआधी ते फौजेत सिग्नल्समध्ये होते. गिरगाव चौपाटीला त्यांच्या हातात काठी होती. त्यांनी एकेची नळी दोन्ही हातांनी धरली आणि सोडली नाही. सुटत्या एकेची नळी किती तापते हे मला माहीत आहे. आणखी काही लिहवत नाही.

प्रश्न : मी भरतीची तयारी करतोय. मला कोणती रायफल मिळेल? एसएलआर अजून आहे का?
(वय १८, जत)

लेका, पळण्याची तयारी कर, रायफल फौज देईल. तरी विचारलंस म्हणून सांगतो.

पायदळातून एसएलआर केव्हाच गेली. नव्वदीच्या अखेरीस इन्सास आली. तिचं काडतूस लहान, ५.५६ चं, आणि तिलाही एआरडीईचीच बुद्धी. हलकं काडतूस म्हणजे जवान जास्त राउंड बाळगू शकतो, हे खरं. एसएलआरचे शंभर राउंड जवळजवळ अडीच किलोचे होतात, आणि डोंगर चढताना ते अडीच किलो कुठं आहेत हे पाठीला बरोबर कळतं. पण इन्सासच्या प्लॅस्टिकच्या मॅगझीनबद्दल कारगिलच्या थंडीनंतर बऱ्याच तक्रारी झाल्या, आणि लहान गोळीनं समोरचा खाली बसतो का, ही चर्चा आमच्या बरॅकीत कधी मिटली नाही.

आता गंमत बघ. २०१९ साली सीमेवरच्या जवानांसाठी अमेरिकन सिग-७१६ घेतली, बहात्तर हजार चारशे, आणि पुढं २०२४ ला आणखी त्र्याहत्तर हजार. तिचं काडतूस कोणतं? ७.६२ गुणिले ५१. म्हणजे आमच्या एसएलआरचंच. मॅगझीन वीसचं, तेही तेवढंच. बातमी वाचली त्या दिवशी पारावरच्या आम्हा चार पेन्शनरांनी चहा मागवला. आणि दुसऱ्या बाजूनं अमेठीजवळच्या कोरव्याला एके-२०३ बनतेय, सहा लाखांच्या वर बनायची आहेत, म्हणजे तुझ्या खांद्याला बहुतेक तीच येईल. कलाश्निकोवची नात. चांगली रायफल आहे. पट्टी हळू सोडायला शीक.

एक सल्ला, तो मात्र ऐक. चांदमारीला कानात कापूस किंवा प्लग घाल, कुणी हसलं तरी. आमच्या वेळी कान झाकणाऱ्याला बायकी म्हणायचे. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीकडं असतो, उजवा खांद्याच्या आडोशाला. माझा डावा कान एसएलआरनं नेला. घरात बायको उजव्या बाजूला बसते, आणि ज्या गोष्टी मला ऐकू येऊ नयेत त्या डाव्या बाजूला येऊन सांगते.

प्रश्न : माझे वडील फौजेत होते, गेल्या वर्षी गेले. त्यांच्या जुन्या वहीत एका पानावर फक्त एवढंच आहे : 'बट ४७, गॅस ४.' खाली तारीख नाही. आम्हाला वाटलं घरगुती गॅसचा नंबर असेल, एजन्सीत विचारलं, ते हसले. तुम्हाला काही कळतंय का?
(एक शिक्षिका, वाई)

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं.

हा सिलिंडर नाही. वरच्या एका उत्तरात गॅसच्या कड्याबद्दल लिहिलंय ते बघा. प्रत्येक रायफलीचा स्वभाव वेगळा असतो. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन एसएलआर शेजारी ठेवल्या तरी एक तीनवर नीट चालेल आणि दुसरी पाचवर. चांदमारीला एकेक घर फिरवून बघायचं, खोका खणखणीत उडायला लागला की तो आकडा लक्षात ठेवायचा. तुमच्या वडिलांची रायफल चारवर चालायची.

आणि बट म्हणजे रायफलीचा मागचा लाकडी भाग, जो खांद्याला लागतो. रायफलीचा खरा नंबर लोखंडावर कोरलेला असतो, लांबलचक. तो पाठ असावा लागतो, पण रोजच्या वापरात कोण म्हणणार? म्हणून बटाच्या लाकडावर रंगानं छोटा नंबर काढतात, कंपनीपुरता. सकाळी कोतासमोर, म्हणजे हत्यारं ठेवतात त्या खोलीसमोर, रांग लागते आणि जवान आत ओरडतो, "बट सत्तेचाळीस!" आतून रायफल येते, वहीत सही होते. संध्याकाळी तीच परत. एका रायफलीवर दोन-तीन वर्षं गेली की तिच्या लाकडावरची खोच अंधारात बोटांना कळते. माझ्या बटाच्या डाव्या बाजूला, गालाला लागते तिथं, एक नखाएवढी खपली उडालेली होती. माझ्या आधी ती कुणाच्या हातात होती त्याचं काम. थंडीत तिथं गाल टेकला की आधी ती खपली लागायची, मग लाकूड. माझा नंबर ११२, गॅस ३. पोराचा मोबाईल नंबर मला आजही बघून लावावा लागतो.

तारीख नाही म्हणता, म्हणून अंदाज सांगतो. असं कुणी मुद्दाम लिहून ठेवत नाही, कारण रोज वापरणाऱ्याला आकडा पाठच असतो. लिहितो कोण? सुट्टीवर निघालेला जवान. दोन महिने घरी राहून परत आल्यावर विसरू नये म्हणून. तेव्हा त्या पानाच्या मागं-पुढं कुठं गाडीच्या वेळा, पुण्याची, मिरजेची, किंवा घरी न्यायच्या सामानाची यादी आहे का बघा. असेल तर ती कुठल्या सालची आहे ते काढता येईल. वडिलांची पलटण आणि कंपनी कळवलीत तर त्यांच्या बरोबरीचं कुणी या भागात आहे का, ते मी माजी सैनिकांच्या मेळाव्यात विचारतो. पत्र मासिकाच्या पत्त्यावरच पाठवा, वहीचं पान मात्र पाठवू नका, झेरॉक्स चालेल.